‘लिपी’चे कुळ आणि शब्दांची शुद्धाशुद्धता

मराठी समीक्षेत शैलीचा विचार सुरू झाला की शब्दांच्या कुळाचा विचार फार लवकर येतो. अमुक लेखकाची भाषा संस्कृतप्रचुर आहे, तमुकाची फारशीमिश्रित आहे, तिसऱ्याची देशी वळणाची आहे, असे निर्णय वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. तत्सम, तद्भव, देश्य आणि परभाषीय ही वर्गवारी व्याकरणाने वर्णनासाठी निर्माण केली; परंतु समीक्षेच्या हाती आल्यावर तिला हळूहळू मूल्याचा रंग चढला. तत्सम म्हणजे प्रतिष्ठित, देश्य म्हणजे जिवंत आणि परभाषीय म्हणजे उसना, अशी समजूत रूढ झाली. भाषांतरकाराला तर ती पदोपदी भेटते. मूळ संहितेतील एका शब्दासाठी त्याच्यासमोर दोन मराठी पर्याय उभे राहतात, आणि त्यांपैकी आपला कोणता व परका कोणता या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या नुसत्या ध्वनीवरूनच मिळाल्यासारखे त्याला वाटते.

हे उत्तर कितपत विश्वसनीय असते, याची परीक्षा सामान्य सिद्धांतांनी करण्यापेक्षा एखाद्या शब्दाच्या चरित्राने केलेली बरी. ‘लिपी’ हा शब्द या कामी विशेष सोयीचा आहे. तो बहुतेक भारतीय भाषांत वावरतो आणि त्याच्या संस्कृतत्वाविषयी सामान्य वाचकाला कधी शंका येत नाही. ब्राह्मी, देवनागरी, मोडी यांना ‘लिपी’ म्हणताना आपण बाहेरून आलेला शब्द वापरीत आहोत, हे कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्या शेजारी ‘दिवाण’ हा शब्द ठेवून पाहावा. दिवाणजी, दिवाणखाना, दिवाणी दावा या शब्दांना सुलतानी अमदानीचा वास आहे. ते फारशी आहेत हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. कोशकार पहिल्या शब्दापुढे संस्कृताची व दुसऱ्यापुढे फारशीची खूण करतो, आणि दोन्ही खुणा आपापल्या मर्यादेत बरोबर आहेत. तरीही हे दोन शब्द एकाच मूळ शब्दाची संतती आहेत. आणि ते मूळ ना संस्कृत आहे, ना फारशी.

१

परंपरेने ‘लिपी’ची व्युत्पत्ती ‘लिप्’ म्हणजे लेपणे, माखणे या धातूपासून सांगितली जाते. पानावर शाईचा लेप द्यावयाचा म्हणून ती लिपी, हे स्पष्टीकरण इतके सहज पटते की पुढे शोध घेण्याची गरजच भासू नये. परंतु दोन गोष्टी त्याच्या आड येतात.

पहिली गोष्ट पाणिनीच्या अष्टाध्यायीतच आहे. तिसऱ्या अध्यायातील ज्या सूत्रात ‘लिपिकर’ हा शब्द सिद्ध होतो, त्याच सूत्रात पाणिनीने ‘लिपि’ आणि ‘लिबि’ ही दोन रूपे शेजारी शेजारी दिली आहेत. ‘लिप्’ धातूपासून ‘लिपि’ निघेल. ‘लिबि’ सरळपणे निघणार नाही. एखादा शब्द घरच्या धातूपासून घडलेला असला तर त्याच्या उच्चारात असे दोन तट सहसा पडत नाहीत. बाहेरून आलेल्या शब्दाच्या बाबतीत मात्र असे वारंवार घडते, कारण ऐकणाऱ्यांच्या कानांवर तो निरनिराळ्या तऱ्हेने पडतो.

दुसरी गोष्ट अशोकाच्या शिलालेखांत आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास कोरलेले हे लेख गिरनार, कालसी, धौली अशा ठिकाणी ब्राह्मीत आहेत, आणि तेथे धर्मलेखाला ‘लिपि’ याच शब्दाने संबोधिले आहे. परंतु वायव्येकडील शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील लेख खरोष्ठीत आहेत, आणि तेथे त्याच जागी ‘दिपि’ हा शब्द येतो. ‘धर्मलिपी’ तेथे ‘ध्रमदिपि’ होते. एकाच राजाची एकच आज्ञा. आतल्या प्रांतांत ‘लिपि’ आणि सरहद्दीवर ‘दिपि’. ‘दिपि’ला ‘लिप्’ धातूत कोठेच जागा नाही. मग या दोहोंपैकी आधीचे रूप कोणते, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे उत्तर सरहद्दीपलीकडे मिळते. हखामनी सम्राट पहिला दारयवहु याने बेहिस्तूनच्या कड्यावर इ. स. पूर्व ५२० च्या सुमारास जो प्रचंड लेख कोरविला, त्यात आपल्या कोरीव लेखासाठी त्याने वापरलेला प्राचीन फारशी शब्द ‘दिपि’ हाच आहे. गांधार हा प्रांत त्या वेळी त्याच्या साम्राज्यात मोडत होता. तशी नोंद त्याच लेखात आहे. पाणिनी हा शलातुरचा, म्हणजे याच गांधाराचा रहिवासी. शाहबाजगढीही याच टापूत आहे. खरोष्ठी तर हखामनी कारभाराच्या अरामी लिपीपासूनच घडली. शाहबाजगढीच्या लेखात ‘लिहिलेले’ या अर्थी येणारा ‘निपिस्त’ हा शब्दही प्राचीन फारशीचाच आहे. हा सारा पुरावा एकत्र पाहिला म्हणजे बहुसंख्य अभ्यासकांचे मत मान्य करण्यास हरकत राहत नाही. ते मत असे की ‘दिपि’ हा शब्द इराणी कारभाराबरोबर गांधारात आला आणि तेथून आत सरकताना त्याचा ‘लिपि’ झाला.

‘द’चा ‘ल’ होणे आपल्या भाषांना अपरिचित नाही. ‘दोहद’चे प्राकृतात ‘दोहल’ आणि मराठीत ‘डोहाळे’ झाले, हे उदाहरण घरचेच आहे. तथापि शब्दाच्या आरंभी असा बदल विरळा होतो. येथे तो घडून आला आणि टिकला, याचे श्रेय ‘लिप्’ या धातूलाच द्यावे लागते. लेखनाला शाईचा लेप लागतो, तेव्हा ‘दिपि’पेक्षा ‘लिपि’ म्हणणे अर्थाला धरून वाटले. तात्पर्य, परंपरागत व्युत्पत्ती सर्वस्वी चुकीची ठरत नाही; तिचे स्थान तेवढे बदलते. ‘लिप्’ हा या शब्दाचा जनक नव्हे. त्याला दत्तक घेणारा पिता होय.

या दत्तकविधानाचा एक हृद्य पुरावा कर्नाटकात आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी व त्याच्या आसपासच्या अशोकलेखांखाली चपड नावाच्या लेखकाने आपली सही केली आहे. सारा लेख ब्राह्मीत आहे, चपडचे नावही ब्राह्मीत आहे. परंतु ‘लिपिकरेण’ हा एवढा शब्द त्याने उलट दिशेने, खरोष्ठीत कोरला आहे. हा लिपिकर वायव्येकडील शिक्षण घेऊन दक्षिणेत उतरला होता, हे उघड आहे. अक्षरे गांधाराची आणि शब्द ‘दिपि’ऐवजी ‘लिपि’: एका शब्दाचे स्थलांतर असे प्रत्यक्ष दगडावर पाहावयास क्वचितच मिळते.

२

परंतु ‘दिपि’ तरी फारशीचा स्वतःचा शब्द आहे काय? तो तसा नाही. बेहिस्तूनचा लेख तीन भाषांत आहे: प्राचीन फारशी, ईलामी आणि बाबिलोनी. त्यांतील ईलामी संहिता आधी कोरली गेली आणि फारशी मागाहून जोडली गेली, असे आज मानले जाते. राजा फारशी बोलत होता. त्याचे दप्तर मात्र ईलामी कारकुनांच्या हाती होते. १९३३ मध्ये पर्सेपोलिसच्या उत्खननात जे हजारो मृत्तिकालेख सापडले ते मुख्यतः ईलामी भाषेत आहेत. त्यांत धान्य, मद्य, मजुरी आणि प्रवाशांचा शिधा यांच्या रोजच्या नोंदी आहेत. हिंदुश म्हणजे सिंधुप्रदेशाच्या वाटेवरील प्रवाशांच्याही नोंदी त्यांत आढळतात. अशा परिस्थितीत लेखनाचा धंदा ज्यांचा, त्यांचाच लेखनवाचक शब्द राज्यकर्त्यांनी उचलावा, हे स्वाभाविक होते. ईलामीतील ‘तिप्पि’ किंवा ‘तुप्पि’ हा तो शब्द.

ईलामी लोकांनी तो शेजारच्या अक्कादी भाषेकडून घेतला होता. अक्कादीत ‘तुप्पु’ म्हणजे मातीची लिहिलेली पाटी आणि ‘तुपशर्रु’ म्हणजे लेखक. आणि अक्कादीने तो घेतला सुमेरीपासून. इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस दक्षिण इराकात ज्या समाजात लेखनकला उदयास आली, त्या समाजाच्या भाषेत ‘दुब’ म्हणजे पाटी, ‘दुबसर’ म्हणजे पाटी लिहिणारा आणि ‘एदुब्बा’ म्हणजे पाट्यांचे घर, अर्थात शाळा. ओल्या मातीच्या चौकोनावर बोरूचे टोक दाबून धान्याची आणि गुरांची मोजदाद करणारा हा दुबसर, हाच आपल्या लिपिकराचा आद्य पूर्वज.

या साखळीकडे भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. सुमेरी भाषेचे ज्ञात अशा कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. अक्कादी ही सेमिटिक कुळातील, म्हणजे अरबी व हिब्रू यांची बहीण. ईलामी पुन्हा एकाकी. प्राचीन फारशी मात्र संस्कृतची सख्खी चुलत बहीण. म्हणजे ‘दुब’, ‘तुप्पु’, ‘तिप्पि’, ‘दिपि’, ‘लिपि’ या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या चार परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेल्या भाषांच्या आहेत. शब्दाला ‘मातृभाषा’ असते असे आपण सहज म्हणतो. या शब्दाला मात्र चार घरांनी पोसले आहे. त्याचा प्रवास रक्ताच्या नात्याने झाला नाही, कसबाच्या नात्याने झाला. जेथे जेथे लिहिण्याचा धंदा गेला, तेथे तेथे धंद्याचे नाव गेले.

३

भारतात हा शब्द एकदाच येऊन थांबला असता तर ही हकीगत केवळ प्राचीनांच्या अभ्यासापुरती राहिली असती. परंतु तो पुनःपुन्हा आला, प्रत्येक वेळी निराळ्या वेषात आला, आणि प्रत्येक वेळी त्याला निराळी वागणूक मिळाली.

‘लिपि’ हा त्याचा पहिला प्रवेश. दुसरा प्रवेश सुमारे हजार वर्षांनी झाला. इराणात ‘दिपि’ला ‘बाळगणारा’ या अर्थाचे पद जोडून लेखकवाचक शब्द बनला होता. मध्ययुगीन फारशीत, म्हणजे पहलवीत, त्याचे रूप ‘दिबीर’ झाले. हा ‘दिबीर’ संस्कृतात ‘दिविर’ होऊन आला. सहाव्या-सातव्या शतकांतील वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांवर लेख सिद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद ‘दिविरपति’ असे आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी क्षेमेंद्र याच्या उपहासकाव्यांत हा दिविर लाचखाऊ आणि कुटिल कारकून म्हणून भेटतो. म्हणजे ज्या काळी ‘लिपि’ हा शब्द शास्त्रग्रंथांत प्रतिष्ठेने बसलेला होता, त्याच काळी त्याचा भाऊबंद दिविर कचेरीत बसून लोकांच्या शिव्या खात होता. दोघांची ओळख मात्र परस्परांना राहिली नव्हती.

तिसरा प्रवेश महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या फारशी कारभाराबरोबर ‘दबीर’ आणि ‘दीवान’ हे दोन्ही शब्द मराठीत आले. ‘दबीर’ म्हणजे राजाचा पत्रव्यवहार पाहणारा. मराठीने ‘द’चा ‘ड’ करून त्याला ‘डबीर’ केले. परराज्यांशी व्यवहार पत्रांनी चाले, म्हणून लेखकाचा हा हुद्दा परराष्ट्रकारभाराचा झाला. सोनोपंत डबीर आणि त्र्यंबक सोनदेव डबीर ही नावे शिवचरित्राच्या वाचकांना नवी नाहीत. पुढे ‘डबीर’ आडनावही झाले. ‘दीवान’चा मूळ अर्थ लेख ठेवण्याचे घर. पहलवीतून तो अरबीत गेला. खलिफा उमर याच्या काळी सैनिकांच्या तनख्याची जी नोंदवही ठेवली जाई ती ‘दीवान’. मग ती वही ठेवणारी कचेरी ‘दीवान’. मग त्या कचेरीतील दरबार, आणि अखेर त्या दरबाराचा मुख्य तो दिवाण. मराठी कागदपत्रांत ‘दिवाण’ हा शब्द सरकार या अर्थानेही वावरतो. १७६५ मध्ये शाहआलमने बंगालची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली, १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या केल्या, आणि तेव्हापासून पैशाअडक्याच्या व मालमत्तेच्या न्यायाला ‘दिवाणी’ हे विशेषण कायमचे चिकटले.

चौथा प्रवेश समुद्रमार्गाने झाला, असे म्हणावयास हरकत नाही. तुर्की दरबारातील भिंतीलगतच्या गाद्यांच्या बैठकीला युरोपीयांनी ‘दिवान’ म्हटले, आणि तो अर्थ इंग्रजीतून फर्निचरच्या दुकानांत उतरला. दिवाणखान्यात दिवाण ठेवणाऱ्या गृहस्थाच्या घरी एकच शब्द दोन वाटांनी येऊन एकत्र नांदत असतो.

४

व्युत्पत्तीच्या क्षेत्रात ध्वनिसाम्य हा जितका उपयुक्त तितकाच फसवा मार्गदर्शक आहे. ‘दिवाण’च्या आसपासचे तीन शब्द घेतले तरी हे स्पष्ट होते.

पहिला शब्द ‘दप्तर’. दिवाण आणि दप्तर ही जोडी कारभारात इतकी पक्की आहे की दोन्ही शब्द एकाच कुळातील असावेत असे वाटते. परंतु ‘दफ्तर’चे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे हे आहे. आयोनियन ग्रीक लोक पपायरसच्या पानांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत असत, असे हिरोडोटसने नमूद केले आहे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाचे ‘डिप्थेरिया’ हे पाश्चात्त्य नावही याच शब्दावरून पडले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील आणि शाळकरी पोराच्या पाठीवरील दप्तर हे अशा रीतीने ग्रीकांचे देणे आहे. सुमेरी ‘दुब’शी त्याचा संबंध नाही.

दुसरा शब्द ‘दिवाणा’, म्हणजे वेडा. दीवान आणि दीवाना यांतील साम्यावर एक मनोरंजक आख्यायिकाच रचली गेली. इराणचा राजा खुस्रो याने आपले हिशेबनीस तोंडाने आकडे पुटपुटत बसलेले पाहिले आणि ते वेडे, ‘दीवाने’ आहेत असे तो म्हणाला. त्यावरून कचेरीला ‘दीवान’ नाव पडले, अशी ही कथा इब्न खलदूनने दिली आहे. वास्तविक ‘दीवाना’ हा ‘देव’ या शब्दापासून झाला आहे. मात्र हा ‘देव’ इराणी आहे. जरथुष्ट्री धर्मात देव हे दुष्ट शक्तीचे नाव ठरले, म्हणून ज्याला देवाने, म्हणजे पिशाचाने झपाटले तो दीवाना. आपला ‘देव’ आणि हा ‘देव’ मूळचे एकच. तेव्हा गझलेतला दिवाणा कितीही यावनी वाटला तरी त्याचे गोत्र वेदातील देवांचे आहे.

तिसरा शब्द, किंवा शब्दाचा शेवट, सर्वांत बोधप्रद आहे. चिटणीस, फडणीस, वाकनीस, सुरनीस, पोतनीस या मराठी हुद्द्यांच्या शेवटी येणारा ‘नीस’ हा फारशी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा याचा संक्षेप आहे. हा ‘नवीस’ आणि शाहबाजगढीच्या लेखातील ‘निपिस्त’ एकाच इराणी धातूची रूपे आहेत. आणि त्या धातूचा संस्कृतातील सगोत्र ‘पिश्’ म्हणजे कोरणे, सजविणे हा आहे. म्हणजे ‘चिटणीस’ या शब्दाचा पूर्वार्ध ‘चिठ्ठी’ हा भारतीय, आणि उत्तरार्ध वैदिक धातूच्या नात्यातला. याउलट ज्या ‘लिपी’च्या सोवळेपणाविषयी आपण निःशंक असतो, तिच्या मूळ बीजात आर्यभाषेचा अंशही नाही. ध्वनी ऐकून आपला आणि परका असा निवाडा करणाऱ्याने पहिला स्वकीय म्हणून बाहेर काढला असता आणि दुसरा परका म्हणून गादीवर बसविला असता!

५

मराठीत शब्दशुद्धीचा विचार दोनदा संघटितपणे झाला, आणि दोन्ही वेळी या शब्दकुळाला त्याची झळ लागली. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर हुद्द्यांची नावे बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबिराचा सुमंत. त्यानंतर रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. या कार्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु त्याचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. ती भाषेच्या वंशावळीविषयीची प्रतिज्ञा नव्हती. स्वतंत्र राज्याची घोषणा होती. नव्या छत्रपतीच्या दरबारातील अधिकाऱ्यांनी जुन्या धन्याने दिलेली नावे मिरवू नयेत, हा त्यामागील हेतू राजकीय आणि सर्वथा योग्य होता. ‘डबीर’ हा ‘लिपी’चा भाऊ आहे असे त्या वेळी कोणी दरबारात सांगितले असते, तरी त्यामुळे निर्णय बदलण्याचे कारण नव्हते.

विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीचे तसे नाही. १९२० नंतर स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ती नेटाने चालविली. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’ यांसारखे तिचे शब्द मराठीत कायमचे रुजले, आणि तेवढ्यापुरते तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या चळवळीत राजकीय प्रतिज्ञेला वंशशुद्धीच्या तर्काची जोड मिळाली. शब्द आपल्या रक्ताचा म्हणून ठेवावा आणि परक्या रक्ताचा म्हणून टाकावा, असे म्हटले की रक्ताची तपासणी करणे ओघानेच येते. आणि ती प्रामाणिकपणे केली तर ‘लिपी’ टाकावी लागेल आणि ‘नीस’ ठेवावा लागेल. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करावयास लावणारे आहे. १९२५ मध्ये फारशी-मराठी कोश तयार करणारा हा फारशीचा प्राध्यापक पुढे शुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ मध्ये त्याने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. फारशीशी इतका जवळचा परिचय असलेल्या विद्वानालाही परका शब्द आणि आपला शब्द यांतील रेषा स्पष्ट दिसत होती, याचे कारण ती रेषा शब्दाच्या इतिहासात नव्हती; ती त्या काळच्या मनात होती.

६

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. सर्वच शब्द जर असे संमिश्र कुळातील असतील, तर मग कोणताही शब्द कोठेही चालेल काय? शैलीतील भेद हा केवळ भ्रम मानावयाचा काय? तसे मुळीच नाही. व्युत्पत्ती शब्दाचे नागरिकत्व ठरवीत नाही, एवढेच वरील विवेचनावरून सिद्ध होते. शब्दाचा स्वर त्याच्या जन्मावरून ठरत नाही; तो कोणत्या दाराने आत आला आणि आत आल्यावर कोणाच्या संगतीत राहिला, यावरून ठरतो. समीक्षेला व्युत्पत्तीचा खरा उपयोग आहे तो हे दार दाखविण्यासाठी.

‘दीवान’चाच दाखला घ्यावा. फारशीत आणि उर्दूत या शब्दाचा एक प्रमुख अर्थ एखाद्या कवीच्या गझलांचा संग्रह असा आहे. नोंदवही, मग काव्याची नोंदवही, असा हा अर्थविस्तार. हाफिजचा ‘दीवान’ योसेफ फॉन हामरने जर्मनमध्ये भाषांतरित केला, आणि त्या भाषांतराच्या वाचनातून १८१९ मध्ये गटेचा ‘पश्चिम-पूर्व दीवान’ जन्माला आला. लेखवाचक सुमेरी शब्द जर्मन काव्यग्रंथाच्या मुखपृष्ठावर पोचला, तो एका भाषांतरकाराच्या हाताने. मराठीत मात्र शेकडो वर्षे ‘दिवाण’ वापरात असूनही काव्यसंग्रह हा त्याचा अर्थ कधी रुजला नाही. तुकारामांच्या अभंगांचा संग्रह ‘गाथा’च राहिला. एवढेच नव्हे, तर मराठीत गझल रुजविणाऱ्या माधव जूलियनांनीही आपल्या संग्रहाला ‘गज्जलांजली’ असे नाव दिले. ‘गझल’ घेतली, तिला ‘अंजली’ची संस्कृत जोड दिली, परंतु ‘दिवाण’ म्हटले नाही. याचे कारण उघड आहे. उर्दूला हा शब्द काव्याच्या दाराने मिळाला. मराठीला तो कचेरीच्या दाराने मिळाला. मराठी माणसाच्या कानाला दिवाण म्हणजे वसुली, न्याय आणि सत्ता. त्यात प्रेमकवितेला जागा नव्हती.

पण कचेरीच्या दाराने आलेल्या या शब्दसंपत्तीचेही काव्य होऊ शकते, हे सोळाव्या शतकात एकनाथांनी दाखवून दिले. त्यांच्या ‘अर्जदस्त’ या भारुडात शरीर हा परगणा होतो, जीव त्याचा शेकदार होतो, बुद्धी कारकून होते, आणि धन्याकडे रीतसर सरकारी अर्ज जातो. येथे फारशी शब्द उसने म्हणून आलेले नाहीत, अलंकार म्हणूनही आलेले नाहीत. रयतेच्या मनात त्या शब्दांना चिकटलेले भय, लाचारी आणि लेखी हुकुमाचा दरारा हेच त्या भारुडाचे द्रव्य आहे. त्या जागी शुद्ध संस्कृत प्रतिशब्द घातले तर अर्थ टिकेल; परंतु सरकारदरबारी उभ्या राहिलेल्या जिवाची ती विनवणी नाहीशी होईल. एकनाथांना या शब्दांचे मूळ ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांचे दार त्यांना पक्के ठाऊक होते.

भाषांतरकाराने घ्यावयाचा धडा हाच आहे. सतराव्या शतकावरील एखादी कादंबरी मराठीत आणताना एका पात्राला ‘डबीर’ म्हणावे की ‘सुमंत’, हा प्रश्न शुद्धतेचा नाही. १६७४ च्या अलीकडे उभे राहावयाचे की पलीकडे, हा तो प्रश्न आहे. कायद्याच्या अनुवादकाने १९०८ च्या संहितेला ‘दिवाणी प्रक्रिया संहिता’ असे नाव दिले, तेव्हा ‘प्रक्रिया’ आणि ‘संहिता’ हे संस्कृत शब्द त्याने नव्या शास्त्रीय व्यवस्थेसाठी योजले, आणि ‘दिवाणी’ मात्र राहू दिला. कारण गावोगावच्या पक्षकाराला आपला दावा दिवाणी आहे हे त्याच शब्दाने कळत आले होते. हा मिश्रसमास व्याकरणाच्या सोवळ्यात बसणार नाही; भाषेच्या व्यवहारात तो बिनतक्रार बसला आहे.

‘लिपी’च्या कुळाची ही हकीगत एवढ्यासाठीच सांगावयाची. लेखनाची साधने सांगणारे आपले शब्द पाहिले तर त्यांत दौत अरबी, कागद फारशी, शाई फारशी ‘सियाही’पासून झालेली, ‘पुस्तक’ आणि त्याचेच प्राकृत वळण असलेली ‘पोथी’ यांच्याही मुळाशी कातडे या अर्थाचा इराणी ‘पोस्त’ आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. निखळ घरचे म्हणता येईल असे ‘लिहिणे’ हे क्रियापद, आणि त्याचा मूळ अर्थ केवळ ओरखडणे. पाच हजार वर्षांपूर्वी मातीच्या पाटीवर ओरखडे काढणाऱ्या त्या अनाम दुबसराचे नाव आपण ‘लिपी’ म्हणताना रोज घेतो. ते आपल्याला परके वाटत नाही, यात आपले अज्ञान जेवढे आहे त्याहून भाषेचे सामर्थ्य अधिक आहे. शब्द परका राहतो तो वापराअभावी, मुळामुळे नव्हे. जो शब्द समाजाने आपल्या कामाला लावला, त्याची वंशावळ तपासण्याचा अधिकार इतिहासाला आहे. त्याला घराबाहेर काढण्याचा अधिकार त्या वंशावळीच्या बळावर समीक्षेने मागू नये.